वादी धरायचे दात

"ह्यात मी कुठं हाय?" आईनं विचारलं.

पडद्यावर तिचा खालचा जबडा तरंगत होता. मांस नाही, जीभ नाही, ओठ नाहीत, नुसतं हाड. मी माउस हलवला तसा तो सावकाश वळला आणि हनुवटी आमच्या समोर आली.

"हीच की तू. ही हनुवटी. ही उजवी बाजू, ही डावी."

"आगं बया! मेल्यावर दिसायचं ते जित्यापणीच दाखवालीस व्हय मला?" असं म्हणून ती पदराआड हसली. खालचे पुढचे सहा दात गेल्यापासून ती पदराआडच हसायची.

मी तेव्हा एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारातच दंतमहाविद्यालय होतं, आणि तिथल्या टेंगशे सरांच्या हाताखाली माझं संशोधन चाललं होतं. पेशंटच्या जबड्याचे स्कॅन एकावर एक रचून कॉम्प्युटरमध्ये त्याचं हाड उभं करायचं. मग त्या हाडाचे लाखभर बारके तुकडे पाडायचे, त्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवायचे, स्क्रूंवर दात बसवायचे, दातांवर भार द्यायचा आणि एकेका तुकड्याला विचारायचं, तुला किती सोसवतं बाई? उत्तर रंगात यायचं.

"निळं हाय ते काय?"

"तिथल्या हाडाला काही त्रास नाही."

"आन तांबडं?"

"तांबडं म्हणजे तिथं हाड दमतं. मोडूही शकतं."

ती उठून पडद्याजवळ गेली. कातडं निवडताना जसं उजेडाला धरून बघायची, तसं तिनं स्वतःचं हाड बघितलं.

"माझ्यात तांबडं कुठंच न्हाई की गं."

"नाही."

"बघ. म्हंजे अजून घट हाय मी."

घट ती नव्हतीच. हिरड्यांच्या दुखण्यानं आणि साखरेनं तिचं पुढचं हाड झिजून जेमतेम करंगळीएवढं उरलं होतं. सरांच्या मनात होतं ते एवढंच, की त्या करंगळीएवढ्या हाडात दोन स्क्रू घालून त्यावर सहा पक्के दात लगेच बसवता येतील का. माझं गणित म्हणत होतं, येतील.

तेवढ्यात सर आत आले. उंच, थोडे वाकलेले, बोलण्यात घाई नसलेला माणूस. आईला बघून त्यांनी हात जोडले.

"मावशी, लेक हुशार आहे हं तुमची. तुमच्याआधी तुमच्या हाडाला ओळखते."

"तिलाच सगळं म्हाईत," आई म्हणाली. "मी काय, अडाणी माणूस."

सर पडद्याकडे वळले. "भार किती घेतलास?"

"दीडशे न्यूटन. वरून खाली, थोडा तिरका. जेवणाचा."

"ठीक. आणि स्क्रू हाडाला पूर्ण जडलेला धरलायस. लक्षात ठेव, इथं ते एका क्लिकवर जडतं. खऱ्या हाडाला चार महिने लागतात." मग खुर्ची ओढून ते आईसमोर बसले. "मावशी, एक विचारतो. दातांनी काही धरायची, ओढायची, तोडायची सवय आहे का? सुपारी, दोरा, बाटलीचं टोपण, काहीही?"

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही सर," मी म्हणाले. "घरीच असते ती."

आईनं माझ्याकडे पाहिलं. अर्धं उघडलेलं तोंड तिनं मिटलं, आणि मग मला सांभाळून घ्यावं तसं म्हणाली, "व्हय. घरीच असतो मी."

टेबलावर तिचा केसपेपर होता. व्यवसाय या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गृहिणी.

आमच्या घरी चपला बनवत. कोल्हापुरात आमची अख्खी गल्लीच तेच करायची. कापणं, शिवणं बाप्यांचं. वडील गेल्यावर ते चुलत्यांच्या घरात होऊ लागलं, पण चपलेच्या पट्ट्यावरची वेणी मात्र बायकांचीच, आणि गल्लीत वेणीला आईचा हात धरणारी कुणी नव्हती. कातड्याच्या बारीक वाद्या पाण्यात भिजवायच्या, त्यांचं एक टोक दातांत धरायचं आणि दोन्ही हातांनी वेणी घालत, प्रत्येक पेडाला मान मागं टाकून हिसका द्यायचा. त्या हिसक्यावर वेणीचा पीळ ठरायचा. दात हा बाईचा तिसरा हात, असं आजी म्हणायची.

समोरच्या दारात द्वारकाकाकू बसायची. ती गायची, आणि तोंडात वादी असल्यामुळे आई नाकातून नुसता हुंकार द्यायची.

*वादी गं कातड्याची, पाण्यामंदी भिजविली...*

गाठ मारून झाली, तोंड मोकळं झालं की दुसरी ओळ आई घालायची.

*उजा माझ्या लेकीनं, अक्षरं गिरविली.*

उजा म्हणजे मी. उज्ज्वला. बारावीपर्यंत मी त्या दोन ओळींच्या मध्ये बसून अभ्यास केला होता. तिच्या दातांना काय सवय आहे, हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

दात गेल्यावर ती टोक पायाच्या अंगठ्यात धरून बघायची. पाठ भरून यायची आणि वेणी सैल पडायची. तिच्या सैल वेणीचा जोड चुलत्यानं एकदा विकायला न नेता बाजूला ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही. मला म्हणाली, "उजा, मला खायाला दात नकोत बघ. हिरड्यांनी भाकरी खाईन मी. मला वादी धरायला दात दे."

आणि मी गृहिणी लिहिलं.

हॉस्टेलवर पहिल्या वर्षी एका मैत्रिणीनं सगळ्यांदेखत पाय पुढं केला होता. "उज्ज्वला, चपलेचा अंगठा तुटलाय गं, बघतेस का जरा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यात वाईट हेतू नसेलही. पण त्या दिवसापासून घरी काय करतात असं कुणी विचारलं, की मी 'छोटासा व्यवसाय आहे' म्हणायचे, आणि आईनं शिवून दिलेली कातडी पिशवी ट्रंकेच्या तळाशी गेली ती गेलीच.

परतीच्या एसटीत आईनं तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "वादीचं का न्हाई सांगिटलंस गं?"

"ते खाण्याच्या सवयींचं विचारत होते, आई. वादीचं निराळं."

"निराळं व्हय?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

*

पंधरा दिवसांनी स्क्रू बसले, आणि त्याच आठवड्यात वर दात. आरशात बघताना आईनं पदर बाजूला केला. कितीतरी वर्षांनी मी तिचं पुरतं हसू बघितलं. सरांनी तिला चार-चारदा बजावलं, "मावशी, चार महिने काही चावायचं नाही. काही म्हणजे काही नाही. पेज, आंबील, मऊ भात. हाड जडू द्या."

आईनं ते व्रतासारखं पाळलं. पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसून ती फक्त कढी प्यायली. द्वारकाकाकूनं टोमणा मारला, "हौसा, दात आलं आन तान्हं झालीस की गं. आता बारसं कवा?"

"तू पाळणा बांध, मी लगेच निजतो," आई म्हणाली.

पाचव्या आठवड्यात मी सुट्टीला घरी आले. गल्लीच्या तोंडाशीच ओवी ऐकू आली, काकूचा आवाज, आणि त्याखाली तो नाकातला हुंकार. माझे पाय थबकले. आई उंबऱ्यावर बसली होती. तोंडात भिजलेली वादी, हात भराभर चाललेले. मला बघून तिचे डोळे हसले. मान मागं टाकून तिनं एक हिसका दिला, गाठ मारली आणि वेणी माझ्यापुढं धरली.

"बघ पीळ. आलाय का न्हाई पहिल्यासारखा?"

"आई, सरांनी काय सांगितलं होतं?"

"चावू नका म्हणल्यात. मी कुठं चावतो? मी नुसतं धरतो." आणि मग थोडी चपापून, "तूच म्हणालीस की, वादीचं निराळं."

मी तिच्याजवळ बसले. वेणी हातात घेतली. घट्ट, सुरेख, सरळ होती. तिला थांबवायचं तर का थांबवायचं ते सांगावं लागलं असतं. ती म्हणाली असती, मग सरांना विचार. सरांना विचारायचं तर केसपेपर उघडावा लागला असता. मी मनातल्या मनात तो पडदा आठवला. सगळं निळं होतं. दीडशे न्यूटन सोसलं होतं त्या हाडानं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"छ्या! काय दुखतंय."

"मग हळू धर."

"बरं, हळू धरतो," ती म्हणाली आणि पुढची वादी उचलली.

*

सातव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, वेणी ओढताना तिचा जबडा मोडला.

"काटकी मोडल्यागत आवाज आला," द्वारकाकाकू मला दवाखान्याच्या जिन्यावर सांगत होती. "मला वाटलं ठोकळा तडकला. बघतो तर हौसा तशीच बसल्याली. वादी तोंडातच. सोडंना. मीच वडली तिच्या तोंडातनं, तर तिचं खालचं तोंडच वादीसंगं हाललं, बाई." आणि तिनं स्वतःची हनुवटी हातानं झाकून घेतली.

सरांनी तिचा जबडा तारांनी बांधला. डावीकडच्या स्क्रूच्या बुडाशीच हाड चिरून गेलं होतं. ते सारखं म्हणत होते, "असं व्हायला नको होतं. आपल्या गणितात तर तिथं काहीच नव्हतं." माझ्याकडे बघत म्हणत होते, पण मला नव्हे, गणिताला विचारत होते.

त्यानंतर घरी आले तेव्हा मी लॅबमधला स्प्रिंगचा वजनकाटा बरोबर आणला होता. काट्याला वादी बांधून दुसरं टोक मी द्वारकाकाकूच्या हातात दिलं.

"दातात धर काकू. आणि वेणी घालताना ओढतेस तशी ओढ."

"का गं? म्हशीगत माझं वजन करालीस का?"

"ओढ की."

तिनं मान मागं टाकली. काटा नऊ किलोवर गेला. पुन्हा, पुन्हा. नऊ, आठ, साडेनऊ. ओढ आडवी, बाहेरच्या बाजूला. "आई दिवसाला असे किती हिसके देते?" मी विचारलं.

"कोण मोजतंय? एका वेणीला चाळीस-पन्नास." काकूनं वादी तोंडातून काढली आणि माझ्याकडे एकटक बघितलं. "हे आधी बघायचं असतं का गं, उजा?"

मी काटा पिशवीत घातला.

लॅबमध्ये मी भाराची दिशा बदलली. बाकी काही नाही, एका बाणाची दिशा. वरून खाली होता, तो हनुवटीतून बाहेर केला. स्क्रू अजून जडलेला नाही असं धरलं. कॉम्प्युटर अकरा मिनिटं विचार करत राहिला. मग रंग आले. डाव्या स्क्रूच्या बुडाशी तांबडं. नेमकी चीर गेली होती तिथंच.

सर माझ्या मागं कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही.

"हा भार कुठून आणलास?"

मी सांगितलं. चपला, वेणी, वादी, हिसका. एका दमात. कधीच कुणाला न सांगितलेलं.

ते खुर्चीवर बसले.

"मी विचारलं होतं ना गं?"

"हो सर."

"तुझ्यासमोरच विचारलं होतं."

"हो."

मला वाटलं ते रागावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पक्के दात दिलेच नसते मी. काढता-घालता येणारी कवळी दिली असती. आणि वादीसाठी भिंतीला एखादा आकडा ठोकून द्या म्हणालो असतो. एवढंच तर होतं." मग उठले. दारात थांबून म्हणाले, "प्रबंधात हे सगळं लिही. खरं लिही. पुढच्या माणसाच्या कामाला येईल."

मी लिहिलं. भार लिहिला, काट्यावरचे आकडे लिहिले, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापली, एक निळं, एक तांबडं. परीक्षकांनी त्या प्रकरणाचं कौतुक केलं. मराठीत सांगायचं तर त्यात एक वाक्य असं होतं: 'रुग्णाकडून सवयींविषयी पुरेशी माहिती मिळाली नव्हती.'

*

हाड जुळलं नाही. साखर होती, पू झाला. आधी स्क्रू काढले, मग धातूची पट्टी घातली, मग ती काढली, आणि शेवटी हनुवटीचं कुजलेलं हाडच काढून टाकावं लागलं. तोंडाचा पुढचा आधार गेला तशी खालच्या ओठाची कड लोंबू लागली. ओठ मिटत नसत. ओठ मिटत नाहीत त्या माणसाला प, ब, म म्हणता येत नाही, हे मी तिच्याकडून शिकले. 'बाळ' हा शब्द सगळ्यांत आधी गेला. पाणी गेलं, भात गेला, मीठ गेलं. 'माझी' गेली. ओवी तर पुरीच मोडली. तिचं बोलणं ओल्या फडक्यातून आल्यासारखं यायचं आणि ते एकट्या मला कळायचं.

तशी ती तीन वर्षं जगली. चमच्यानं आंबील भरवावी लागायची, अर्धी खांद्यावरच्या टॉवेलात जायची. वादी तिनं पुन्हा हातात धरली नाही. उंबऱ्यावर मात्र बसायची, आणि समोर काकू एकटीच वेणी घालायची, न गाता.

या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. मी पुण्यात आहे, याच कामात. जबडे येतात, मी ते उभे करते, भार देते, रंग बघते. पण मला सांगायचं आहे ते एका रविवारचं, हनुवटीचं हाड काढून आईला घरी आणलं त्या दिवसांतलं.

गल्लीतल्या बायका तिला बघायला आल्या होत्या. द्वारकाकाकू, चुलती, आणखी दोघीतिघी. आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी, टॉवेल धरून. नेहमीचं सगळं विचारून झालं. झोप लागते का, ताप आहे का. मग चुलती म्हणाली, "एवढं कंपूटर लावून बघिटलं म्हणं. लेक एवढी शिकल्याली. तरी कसं गं मोडलं?"

काकू खाली बघत जमिनीवरची कातड्याची एक कातरण बोटानं फिरवत होती. तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, एवढी दया तिनं माझ्यावर केली.

मी मनात म्हणाले, आता. आता सांग. आईसमोर सांग, म्हणजे निदान तिला तरी कळेल.

तेवढ्यात आईनं हात वर केला. ती बोलू लागली. लांबलचक, ओलं, ओबडधोबड. एकेक अक्षर जिभेनं ओढून आणत होती.

"काय म्हणतीया?" चुलतीनं मला विचारलं.

मला शब्दन्‌शब्द कळला होता.

"पाणी मागते," मी म्हणाले, आणि उठले.

आईनं माझं मनगट धरलं. जोरात मान हलवली. मला खाली बसवलं आणि तेच पुन्हा बोलली, आणखी सावकाश, बायकांकडे बघत, दर शब्दाला थांबत. लाळ गळत होती ती तिनं पुसू दिली नाही.

"आगं सांग की, उजा," चुलती म्हणाली. "जीव तोडून बोलतीया ती. काय म्हणतीया?"

आई माझ्याकडे बघत होती. लहानपणी पत्र वाचायला द्यायची आणि मी काय वाचते ते ऐकायची, तशी.

मी सांगितलं.

"म्हणते, लेकीचं काही चुकलं नाही. तिनं कॉम्प्युटरवर सगळं बरोबर काढलं होतं. म्हणते, माझंच चुकलं. लेकीला न विचारता मी वादी धरली. तिला कुणी बोल लावू नका."

माझा आवाज कुठंही अडखळला नाही. काकू उठून बाहेर गेली.

आईनं मान डोलावली, बरोबर सांगितलंस म्हणून, आणि माझं मनगट सोडलं.